आधी झिजणारा भाग कोणता? घरगुती वस्तूंविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे ठाणे आणि नवी मुंबईतील आहेत आणि त्यांतील तक्रारही बहुतांशी एकच आहे: पूर्वीच्या वस्तू दोन-दोन पिढ्या चालत, आताच्या पाच वर्षांत भंगारात जातात. तक्रारीत तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. वागळे इस्टेटमधील एका कारखान्याच्या देखभाल विभागात मी एकतीस वर्षे काम केले. नवे यंत्र आले की आमचे मुख्य मेस्त्री सगळ्यांत आधी विचारायचे, "यात पहिल्यांदा झिजणार काय, आणि ते मिळणार कुठे?" चांगल्या यंत्रात एखादा भाग मुद्दाम झिजण्यासाठीच ठेवलेला असतो. तो वेळेवर बदलला की बाकीचे यंत्र वर्षानुवर्षे चालते आणि त्याकडे दुर्लक्ष झाले की सगळेच जाते. घरातील वस्तूंनाही हाच नियम लागू होतो, म्हणून खालील उत्तरांत तो पुन्हा पुन्हा येईल.

प्रश्न : मुलीचे नुकतेच लग्न झाले असून ती ऐरोलीत नवे घर मांडते आहे. मिक्सर, कुकर, पंखे आणि रोजची भांडी एकदाच चांगली घेऊन द्यावीत, अशी आमची इच्छा आहे. महाग वस्तू टिकाऊ असते, असे समजावे का?
(एक वाचिका, ऐरोली)

उत्तर : अगदी स्वस्त वस्तू टिकत नाही, एवढे खात्रीने सांगता येते, पण मधल्या किमतीच्या वर गेल्यावर जास्तीचे पैसे पुष्कळदा रंगरूपाचे आणि बटणांचे असतात. मिक्सर घ्यायला दुकानात जाण्यापूर्वी आपल्या गल्लीतील मिक्सर दुरुस्त करणाऱ्याकडे जाऊन यावे. त्याच्या फळीवर कोणत्या कंपन्यांचे कपलर (मोटर आणि जार यांना जोडणारे दातेरी चाक), जारचे बुश (पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती नळी) आणि कार्बन ब्रश मांडलेले आहेत ते पाहावे, आणि त्यांतलीच एखादी कंपनी निवडावी. हा सल्ला मी स्वतः ठेच लागल्यावर शिकलो. दिसायला देखणा असा एक मिक्सर मी घरी आणला. चौथ्या वर्षी त्याचा कपलर तुटला आणि ते मॉडेल बंद झाल्याचे विक्रेत्याने सांगितले. मोटर ठणठणीत होती, पाती धारदार होती, तरी रबराचे एक दातेरी चाक मिळेना म्हणून सगळा मिक्सर भंगारात द्यावा लागला. त्याचे वाईट आजही वाटते.

कपलर हा मिक्सरमधला झिजायला ठेवलेला भाग आहे. जारमध्ये ओले खोबरे गच्च भरले आणि पाते अडकले, तर मोटर जळण्याआधी कपलरचे दात तुटावेत, अशी ती योजना आहे. म्हणून कपलर वारंवार तुटत असेल तर कपलरला दोष न देता जार तपासावा. मिक्सरवरून काढलेला जार उलटा धरून तळाची दातेरी चकती बोटाने फिरवून पाहावी. ती सहज फिरली पाहिजे. घासत, अडखळत फिरत असेल किंवा जारखाली काळपट पाणी साचत असेल तर बुश गेला आहे. तो बदलण्याचा खर्च किरकोळ असतो. न बदलल्यास तेच पाणी खाली मोटरच्या बेअरिंगमध्ये उतरते. वाटण करताना जार अर्ध्याहून थोडाच अधिक भरावा, मिनिटभर चालवून थांबावे आणि मोटर तापून मिक्सर बंद पडला तर तो निवल्यावर तळाचे लाल बटण दाबावे. ते बटण अनेक घरांत कोणाला ठाऊकच नसते आणि चांगला मिक्सर दुरुस्तीला जातो.

कुकरवर आयएस २३४७ या क्रमांकासह आयएसआय चिन्ह असलेच पाहिजे. यात तडजोड करू नये. ॲल्युमिनियमचा कुकर हलका असतो आणि उष्णता चांगली पसरवतो, पण आंबट पदार्थ आणि सोडा त्याला खातात. स्टीलचा घेतल्यास जाड बुडाचा घ्यावा, नाहीतर डाळ करपते. दोन्हींत रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह हे भाग बदलायचे असतात आणि ते त्याच कंपनीचे व त्याच मापाचे असावे लागतात. धुतल्यावर रिंग झाकणात अडकवून न ठेवता कोरडी करून वेगळी ठेवावी. कडक झालेली किंवा चिरलेली रिंग पीठ लावून चालवू नये, आणि उडालेल्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी दुसरे काही ठोकून बसवणे तर जिवावर बेतू शकते.

पंख्यांबद्दल थोडक्यात सांगतो. साधा पंखा साधारण ७० ते ७५ वॉट वीज घेतो, तर बीएलडीसी (कार्बन ब्रश नसलेल्या, इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालणाऱ्या मोटरचा) पंखा २८ ते ३५ वॉटमध्ये तेवढेच वारे देतो. ज्या खोलीत पंखा दिवसभर चालतो तिच्यासाठी बीएलडीसी घ्यावा, पण त्याचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड सुटा मिळतो का, हे आधी विचारावे. घरातील जुना साधा पंखा मंद झाला असेल तर तो टाकून देऊ नये. पुष्कळदा त्याचा कपॅसिटर अशक्त झालेला असतो. जुन्या कपॅसिटरवर छापलेल्या क्षमतेचाच, साधारणपणे २.५ मायक्रोफॅरडचा, नवा बसवला की पंखा पूर्वीसारखा फिरतो.

भांड्यांच्या दुकानात चुंबक लावून स्टील पारखण्याची पद्धत आहे, तिच्यावर विसंबू नये. ३०४ प्रतीच्या स्टीलला, म्हणजे ज्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते त्याला, चुंबक चिकटत नाही हे खरे. पण निकेल कमी करून मँगनीज वाढवलेल्या स्वस्त २०२ प्रतीलाही तो चिकटत नाही. उलट इंडक्शनवर चालणाऱ्या चांगल्या भांड्याच्या बुडाला तो चिकटावाच लागतो. भांड्यावरचा प्रतीचा क्रमांक पाहावा आणि जाडी हाताने तोलून बघावी. स्टीलच्या भांड्यात पाणी उकळण्यापूर्वी मीठ टाकून तसेच तळाशी बसू दिल्यास बुडाला बारीक खळगे पडतात, हेही मुलीला सांगून ठेवावे.

प्रश्न : घोडबंदर रोडवरील आमच्या संकुलात निम्मे पाणी टँकरचे असते. सहा वर्षांत दोन गीझरच्या टाक्या गळल्या. दोन्ही नामांकित कंपन्यांचे होते. तिसरा घेताना काय पाहावे? आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, इमारत बरीच उंच आहे.
(एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : आपल्या पत्रातच दोन्ही कारणे आलेली आहेत, ती म्हणजे पाणी आणि मजला.

साठवणीच्या गीझरची टाकी बहुधा पोलादी असते आणि तिला आतून काचेसारखा मुलामा दिलेला असतो. तो कितीही चांगला असला तरी कुठेतरी केसाएवढी फट राहते आणि तिथून गंज सुरू होतो. तो होऊ नये म्हणून टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी सोडलेली असते. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा लवकर झिजते, त्यामुळे पाणी लोखंडाला सोडून आधी कांडीला खाते. जहाजांच्या तळाला जस्ताच्या वड्या बसवतात त्या याच तत्त्वावर. कांडी शिल्लक आहे तोवर टाकी सुरक्षित असते. ती संपली की पाण्याचा मोर्चा टाकीकडे वळतो. महापालिकेच्या धरणाच्या पाण्यात क्षार कमी असतात, त्यामुळे तिथे ही कांडी पुष्कळ दिवस पुरते. टँकरचे पाणी बहुधा विंधनविहिरीचे असते, त्यात क्षार जास्त असतात आणि कांडी झपाट्याने संपते. आपल्या दोन्ही गीझरची कांडी कोणी कधी काढून पाहिली होती का? बहुधा नाही. विक्रेता ती दाखवत नाही आणि माहितीपत्रकातील ती ओळ कोणी वाचत नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी कासारवडवलीला माझ्या पुतणीच्या घरी मी गीझर उघडून घेतला. मुख्य फळीवरून वीज बंद केली, पाण्याची आवक बंद करून टाकी रिकामी केली आणि प्लंबरने खालच्या तबकडीचे नट सोडवले. हीटरच्या सळीवर पांढरा, खरखरीत थर इतका चढला होता की ती मूळच्या दुप्पट जाड दिसत होती. तळाशी ओंजळभर चुन्यासारखी खपली साचली होती, आणि मॅग्नेशियमची जी कांडी अंगठ्याएवढी जाड असायला हवी होती तिची नुसती मधली तार उरली होती. गीझर तीन वर्षांचा होता. नवी कांडी आणि नवे गॅस्केट बसवले, सळी साफ केली, आणि तो आज व्यवस्थित चालतो आहे. वर्षभराने पाहिला असता तर तोही गळताना सापडला असता.

म्हणून तिसरा गीझर घेताना कांडी कोणत्या बाजूने निघते, ती सुटी मिळते का आणि वॉरंटीच्या अटींत पाण्याच्या कठीणपणाची मर्यादा किती दिली आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. टँकरचे पाणी चालू असेपर्यंत दर वर्षी एकदा तो उघडून घ्यावा. तापमान ५५ अंशांच्या आसपास ठेवावे; ६० च्या वर गेल्यावर क्षारांचा थर फार वेगाने चढतो आणि आंघोळीला तेवढे कढत पाणी लागतही नाही.

आता मजल्याविषयी. टाकी गच्चीवर असेल तर पाण्याच्या उंचीमुळे दर १० मीटरला साधारण १ बार दाब वाढतो. तीस मजली इमारतीत मधे दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवलेले असतात, पण ते बिघडले की खालच्या मजल्यांवर टाकीला सोसवेल त्याहून जास्त दाब येतो. गीझरवर त्याची क्षमता बारमध्ये छापलेली असते. आपण ८ बारचा घ्यावा आणि सोसायटीच्या प्लंबरकडून नळाचा दाब मोजून घ्यावा. गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून अधूनमधून थेंब पडत असतील तर तो त्याचे काम करतो आहे. सतत गळत असेल तर व्हॉल्व्ह बदलावा, पण वैतागून त्याच्या तोंडाला बूच कधीही मारू नये. बंद टाकीत वाढणाऱ्या दाबाला बाहेर पडायला तेवढीच वाट असते.

प्रश्न : आजेसासूबाईंची पितळी पातेली आणि एक कढई माळ्यावर आहेत. वापरायला काढावीत अशी फार इच्छा आहे, पण पदार्थ कळकतील अशी भीती वाटते. कल्हईवाले आता कुठे दिसत नाहीत. नॉनस्टिक भांड्यांपेक्षा ही बरी का?
(एक वाचिका, नौपाडा)

उत्तर : आपण ती जरूर काढावीत. नॉनस्टिकचा थर एकदा खरवडला की तो घरी पुन्हा चढवता येत नाही. पितळेच्या पातेल्याची कल्हई गेली की ती नव्याने होते, आणि भांडे पुन्हा पहिल्यासारखे होते. तीन पिढ्यांनी वापरलेल्या पातेल्यात झिजली आहे ती फक्त कल्हई.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. ताक, आमटी, चिंचेचे सार अशा आंबट पदार्थांनी त्यातील तांबे पदार्थात उतरते, त्यालाच आपण कळकणे म्हणतो, आणि ते पोटाला बाधते. कल्हई म्हणजे मध्ये घातलेला कथलाचा पडदा. माझ्या लहानपणी आमच्या वाडीत दिवाळीआधी कल्हईवाला यायचा. अंगणात छोटा खड्डा करून त्यात कोळसा पेटवायचा आणि त्याचा मुलगा चामड्याचा भाता हलवत बसायचा. पातेले तापले की चिमटीने नवसागर टाकायचा, पांढऱ्या धुराचा लोट उठायचा आणि त्या वासाने आम्ही मुले मागे सरायचो. मग कथलाची कांडी तापल्या बुडाला टेकवायची, ती वितळून पाऱ्यासारखी पळू लागली की कापसाच्या बोळ्याने सगळीकडे फिरवायची. पिवळे भांडे बघता बघता चांदीसारखे व्हायचे, आणि शेवटी बादलीतल्या पाण्यात ते चर्रकन बुडायचे. नवसागराचे काम पितळेवरचा काळपट थर काढून टाकणे हे असते. त्याशिवाय कथील धरत नाही.

आजही हे काम करणारे आहेत. ते दारावर येत नाहीत, एवढेच. जांभळी नाक्याच्या बाजारात पितळेची भांडी विकणाऱ्या दुकानांत विचारावे. ती दुकाने बहुधा भांडी ठेवून घेऊन कल्हई करून देतात. कथील शुद्ध आहे ना, शिसे मिसळलेले नाही ना, हे स्पष्ट शब्दांत विचारून घ्यावे, कारण शिसे विषारी असते आणि ते स्वस्त असल्याने मिसळण्याचा मोह होतो. भांडी समोर करून देणारा मिळाला तर उत्तम.

वापरताना एक गोष्ट सांभाळावी. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. पातेल्यात पाणी, वरण किंवा भात असेल तोवर काहीच धोका नाही, पण रिकामे पातेले आचेवर विसरले तर कल्हई वितळून तिचे मणी होतात. म्हणून कढईत खमंग फोडणी करू नये. फोडणी लोखंडी पळीत करून वरून घालावी. पितळेत केलेला पदार्थ रात्रभर त्यातच ठेवू नये. बाहेरून चिंच किंवा लिंबू-मीठ लावून घासावे, आतून मात्र मऊ काथ्याने किंवा फडक्यानेच, तारेची घासणी कधीच नाही. आत पिवळे दिसू लागले की पुन्हा कल्हईला द्यावे. कोणी किती महिन्यांनी, हे वापरावर अवलंबून आहे.

काशाच्या वाट्या असतील तर त्यांना कल्हई लागत नाही. काशात तांब्याबरोबर सुमारे पाचवा हिस्सा कथीलच असते. मात्र त्या आपटल्या की तडकतात, तेव्हा त्या बेसिनमध्ये इतर भांड्यांच्या ढिगात टाकू नयेत.

प्रश्न : बिडाचा तवा पावसाळ्यात दर आठवड्याला गंजतो. काय करावे?
(एक वाचिका, कळवा)

उत्तर : धुतल्यावर पुसून ठेवणे पुरत नाही. तवा मंद आचेवर पूर्ण सुकवावा, कोमट असतानाच तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा आणि तेल चिकट राहील इतके लावू नये. आता जो गंज आला आहे तो काथ्याने घासून काढावा, तेल लावून तवा धूर येईपर्यंत तापवावा आणि हे तीन-चार वेळा करावे. तापलेल्या तेलाचा जो काळा थर बसतो, तोच तव्याचे रक्षण करतो. साबणात भिजत ठेवल्याने तो निघतो.

प्रश्न : फ्रिज घेताना विक्रेता वाढीव वॉरंटीचा आग्रह करतो. घ्यावी का?
(एक वाचक, वाशी)

उत्तर : आधी तिच्यात काय येत नाही ते वाचावे. दरवाज्याचे रबर, प्लास्टिकचे भाग आणि गॅस पुन्हा भरणे वगळलेले असेल तर मी घेणार नाही. ते पैसे बाजूला ठेवून वर्षातून एकदा मागची जाळी झाडावी आणि रबर कोमट साबणपाण्याने पुसावे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले आहे. तिथे सहभागी कंपन्यांची माहितीपत्रके, सुट्या भागांची माहिती आणि सेवा केंद्रांचे पत्ते मिळतात. खरेदीपूर्वी तिथे डोकवावे. भाग असूनही कोणी देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवावी. त्यासाठी पक्के बिल हवे, आणि आजकालच्या बिलांवरची शाई वर्षभरात उडते, म्हणून त्याचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवावा.

प्रश्न : सासऱ्यांचे गोदरेजचे जुने कपाट आम्ही नेरूळला आणले. खाली गंज चढला आहे आणि एक दार नीट लागत नाही. नवे लाकडी घ्यावे, असे घरात मत आहे.
(एक वाचिका, नेरूळ)

उत्तर : नवे "लाकडी" म्हणून जे मिळते ते बहुधा भुशाच्या दाबलेल्या फळीचे असते, आणि खाडीकाठच्या दमट हवेत ती फळी कडेने फुगते. फुगलेली फळी पूर्ववत होत नाही आणि तिच्यात स्क्रू धरत नाही. गोदरेजने १९२३ मध्ये पोलादी कपाटे बनवायला सुरुवात केली आणि त्यांतील कित्येक जुनी कपाटे अजून घरोघरी उभी आहेत. आपलेही उभे राहील.

दार लागत नाही याचे कारण बिजागरीत शोधू नका. कपाट रिकामे असताना त्यावर पाणसळ (गवंडी पातळी तपासायला वापरतात ते साधन) ठेवून पाहा. नव्या घरातील लादी सपाट नसेल तर कपाटाचा सांगाडा किंचित पिळला जातो आणि दार चौकटीला घासते. जो पाय अधांतरी आहे त्याखाली पत्र्याची किंवा नायलॉनची पातळ चकती सरकवली की दार बहुतेक वेळा आपोआप लागते. कुलूप जड झाले असेल तर त्यात खोबरेल तेल सोडू नये, त्याने धूळ चिकटते. पेन्सिलच्या शिशाची पूड किल्लीला लावून ती चार-पाच वेळा फिरवावी.

गंज खाली आला आहे तो बहुधा रोजच्या लादी पुसण्याच्या पाण्याने. कपाट आडवे करून तारेच्या ब्रशने सुटलेला गंज आणि रंग काढावा, पॉलिश पेपरने घासून चकचकीत धातू दिसू द्यावा, रॉकेल किंवा थिनरच्या फडक्याने पुसावे, मग रेड ऑक्साइड प्रायमरचा एक हात आणि तो सुकल्यावर एनॅमल रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. तळाच्या पत्र्याची आतली बाजू विसरू नये, कारण तिथे कोणी पाहत नाही आणि गंज तिथूनच वर चढतो. एखाद्या ठिकाणी पत्रा आरपार गेला असेल तर फॅब्रिकेशनवाल्याकडून आधी तुकडा जोडून घ्यावा. उभे करताना पायांखाली रबरी बूट बसवावेत आणि बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे अंतर ठेवावे, म्हणजे ओल लागणार नाही. हे सगळे मे महिन्यात करावे. जूनच्या दमट हवेत प्रायमर नीट सुकत नाही आणि त्यावर दिलेला रंग पुढच्या पावसाळ्यापूर्वीच पापुद्र्याने सुटू लागतो.